चौदाव्या मजल्यावरचं जेवण

ह्यांना जाऊन चार महिने झाले होते, तरी ह्यांचा फोन मी रोज रात्री चार्जिंगला लावत होते. कशाला, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. मुलीने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "असू दे, कुणाचा येईल." कुणाचा येणार होता? लिफ्ट इन्स्पेक्टरला निवृत्तीनंतर कोण फोन करतं? नोकरीत असताना लोक करायचे, तेही कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं म्हणून. तर त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी भांडी पुसत होते आणि फडताळावर तो फोन थरथरायला लागला. सरकत सरकत डब्यांना जाऊन टेकला. मी हात न पुसताच उचलला. पलीकडे एका तरुण मुलीचा आवाज होता, घासूनपुसून लख्ख केलेला. "सर, नमस्कार. या महिन्याचा शेवटचा शनिवार परवाच आहे. बरेच दिवस आपलं येणं नाही झालं. खिडकीजवळचं टेबल ठेवायचं ना? एकासाठीच, नेहमीसारखं?" आणि तिने त्या हॉटेलचं नाव घेतलं, ज्याच्या चौदाव्या मजल्यावर ते चायनीज रेस्टॉरंट आहे. शहरातल्या कुणालाही विचारा, लांबून बोट दाखवतील. आत गेलेला माणूस मात्र शोधावा लागेल.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. पहिल्याच आठवड्यात आम्हा मुलींना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, स्वतःचं नाव कधी सांगायचं नाही. दुसरी, जे कानावर पडेल ते पडलंच नाही असं समजायचं. माणूस रडत असो, शिव्या देत असो, आपण फक्त वायर आहोत. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण जीभ तशीच राहिली. मी "राँग नंबर" म्हटलं नाही, "ते वारले" म्हटलं नाही. माझ्या तोंडून जुना, सपाट, कामावरचा आवाज आला, "ठेवा." मुलगी म्हणाली, "थँक यू मॅडम," आणि फोन बंद झाला. मग मी बराच वेळ एकच ताट पुसत राहिले.

नेहमीसारखं. एकासाठी. दोघांसाठी म्हणाली असती तर बरं झालं असतं, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या मनात किती वेळा आलं असेल. दुसरी बाई असती तर तिला काही चेहरा असता, वय असतं, मला तिला नावं ठेवता आली असती. या वयात कुणाचा मत्सर करायला मिळणं हीसुद्धा एक सोय आहे. पण एकासाठी? महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हे बाराला घराबाहेर पडायचे आणि साडेतीनला परत यायचे. निवृत्त कर्मचाऱ्यांची बैठक. सोळा वर्षं मी हेच ऐकत आले. "तिथे खायला देतात, पण बाहेरचं नको मला," हे म्हणायचे, "तू डबा दे." आणि मी डबा द्यायची. तीन पुडांचा, घट्ट झाकणाचा. भात, कोबीची नाहीतर बटाट्याची भाजी, काकडी सोलून, पुसून, कारण पाणी राहिलं तर भात ओला होतो. डबा परत यायचा तो चाटूनपुसून रिकामा. मला त्याचं कौतुक वाटायचं. बघा, चारचौघांत बसून माझा माणूस घरचं खातो. हे गेले तेव्हा संघटनेचे दोघे भेटायला आले होते. त्यातला एक म्हणाला, "आमची अलीकडे भेट व्हायची नाही फारशी." मी मान हलवली होती. अशा वेळी लोक काहीही बोलतात.

मुलगी संध्याकाळी येऊन गेली. तिला मी सरळ सांगितलं नाही. आडून विचारलं, त्या चौदाव्या मजल्यावर जेवण कसं असतं गं? तिने पर्स टाकली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," म्हणाली. "मग हे काय? बाहेर खायचं? तू? सहलीला मला उकळलेल्या पाण्याचा थर्मास देणारी तू? आख्खा वर्ग मला हॉस्पिटल म्हणून हाक मारायचा, आठवतंय का?"

"विचारलं नुसतं."

"गेले होते मी एकदा. आमच्या साहेबांच्या निरोपाला. सूप येतं मूठभर वाटीत आणि वाटी येते परातीएवढ्या बशीत. बशी बघूनच पोट भरायचं. घरी येऊन मी परत जेवले."

"म्हणजे वसूल नाही?"

"वसूल कसलं, आई! तिथे कुणी जेवायला जातं होय? आपण इथे बसू शकतो, हे आपलं आपल्याला बघायला जातात लोक." मग म्हणाली, "बाबांना चायनीज आवडायचं का गं? मला काहीतरी अंधुक आठवतं. तोंडातून लोंबणाऱ्या नूडल्स. पण ते आपल्या घरातलं नसणार."

आपल्या घरातलं नव्हतंच ते. पण आमचं होतं. लग्नानंतर आम्ही ज्या खोलीत राहत होतो तिच्यामागच्या गल्लीत चार टेबलांचं एक चायनीज होतं. दारात वाफ, आत काळोख, भिंतीवर तेलाचा पापुद्रा. पगार झाला की त्या संध्याकाळी आम्ही तिथे जायचो. मुलगी झाल्यावर तिलाही घेऊन. एक सूप, एक नूडल्स, प्लेटा तीन. मालकाने आम्हाला काड्यांनी खायला शिकवलं, म्हणजे मला शिकवलं. ह्यांना कधी जमलं नाही. ज्या माणसाला लिफ्टच्या दोरातली एक तुटकी तार बोटाने कळायची, त्याच्या काडीतून नूडल सुटायची आणि शर्टावर पडायची. एवढं मला आठवतं. एखाद्या खोलीचं दार उघडं असावं आणि आतलं फक्त टेबल दिसावं, तसं आठवतं. मग मी छत्तीस वर्षांची असताना टायफॉइड झाला. एकेचाळीस दिवस हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणाले पाण्यातून आला असेल, बाहेरच्या खाण्यातून आला असेल, सांगता येत नाही. मला मात्र सांगता आलं. मी घरी आले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात बाहेरचा घास आला नाही. पाणी वीस मिनिटं उकळायचं, घड्याळ लावून. भाज्या मिठाच्या पाण्यात. बाहेरून आलं की आधी साबण. अडतीस वर्षं या घरात कुणाचं पोट बिघडलं नाही. लोक मुलांची लग्नं, घरं, गाड्या सांगतात. मी मनातल्या मनात हे सांगायची.

शनिवारी मी गेले. मुलीला सांगितलं दातांच्या डॉक्टरकडे जाते. हॉटेलच्या खालच्या दालनातली फरशी इतकी गुळगुळीत होती की मी भिंतीच्या कडेकडेने चालले. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. आरशाखाली चौकटीत तपासणीचा दाखला लावलेला होता आणि त्यावर कुणा नव्या इन्स्पेक्टरची सही होती, पाय पसरून बसल्यासारखी. ह्यांची सही बारीक असायची. नोकरीत असताना हे दर वर्षी इथे यायचे, मला माहीत होतं. इथल्या मोटारी कुरकुरत नाहीत, म्हणायचे, इथल्या लिफ्टला माणसाचा कंटाळा येत नाही. तपासणी झाली की मॅनेजर जेवायचा आग्रह करायचा आणि हे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. हेही मला माहीत होतं आणि त्याचाही मला अभिमान होता. लिफ्ट वर निघाली तशी माझ्या कानांत दडे बसले. लिफ्टच्या भिंतीला तळवा लावून उभं राहायची ह्यांची सवय होती, आजारी माणसाच्या पाठीला लावावा तसा. मी हात लावला नाही. दार उघडलं.

आधी शांतता अंगावर आली. माणसं होती, बरीच होती, पण त्यांच्या चमच्यांनाही कुणीतरी वळण लावलेलं होतं. दाराशी काचेच्या मोठ्या टाकीत मासे एकाच दिशेला तोंड करून उभे होते, रांगेत नंबर लागल्यासारखे. फोनवरचा तो लख्ख आवाज एका बारक्या मुलीचा निघाला. तिने वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला खिडकीपाशी नेलं. दोघांचं टेबल होतं, पण मांडणी एकाचीच होती. खाली गच्च्या, त्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, एका गच्चीवर वाळत घातलेली चादर, आणि सगळं इतकं लांब की त्या चादरीशी कुणाचा काही संबंध असेल असं वाटेना. हे इथे बसून हेच बघत असणार. घराच्या खिडकीतून आम्हाला समोरची भिंत दिसते. सोळा वर्षं. मला एकदम राग आला, आणि तो खिडकीचा आला. जेवणाचा नंतर आला.

मेनू चामड्याचा होता, जमिनीच्या कागदपत्रांसारखा जड. मी तो उघडलाच होता तेवढ्यात बाजूला काळे बूट येऊन थांबले. वर बघितलं तर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, टक्कल पडलेला, काळ्या कोटातला माणूस. वेटरांचा वेटर, म्हणजे ज्याला तिथे कॅप्टन म्हणतात तो. "सर नाही आले आज?" त्याने विचारलं.

"ते गेले," मी म्हटलं. "चार महिने झाले."

त्याने हातातली वही खिशात ठेवली. कोटाचं बटण लावलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "सर खाडा करणारे नव्हते. फोन करू नकोस म्हणून मी त्या पोरीला सांगणार होतो, पण धीर झाला नाही. म्हटलं, उचलला तर?" मग तो माझ्या हातांकडे, चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्ही डब्याच्या बाई ना?"

मी मेनू मिटला.

"राग मानू नका. साहेब डबा आणायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, कॅप्टन, हा डबा भरलेला परत नेता येत नाही आणि टाकवत नाही. तुम्ही जेवाल? तेव्हापासून महिन्यातनं एकदा आम्ही असं करायचो. साहेब इथे जेवायचे आणि मी आत पँट्रीत तुमचा डबा खायचो. सोळा वर्षं तुमच्या हातचं खाल्लं मी." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आदर होता. "मीठ जरा कमी असतं. पण इथलं चोवीस तास नाकात बसलेलं असताना तो कोबी म्हणजे... काय सांगू. आई गेल्यापासून तसा कोबी नाही."

तो म्हणाला, "साहेबांचंच आणू का? ते दर वेळी तेच मागवायचे." मी मान हलवली. तो गेला, आणि मी माझा डबा डोळ्यांसमोर आणायला लागले. सोलून पुसलेली काकडी. शुक्रवारी रात्री निवडलेले तांदूळ. आणि तो घेऊन एक माणूस चौदा मजले वर येतो, दुसऱ्याला देतो, रिकामा झाला की घेतो, आणि परत खाली उतरून माझ्या हातात ठेवतो. "छान होती भाजी," म्हणायचे. रोज नाही म्हणायचे, त्या शनिवारी म्हणायचे. कॅप्टनचा निरोप पोचवत असतील.

ग्लासात कुणीतरी पाणी ओतलं. त्यात बर्फ होता. मी ग्लास लांब सरकवला. कॅप्टनने ते लांबूनच बघितलं असावं, कारण तो चहाची किटली घेऊन आला आणि वाटीसारख्या कपात पिवळसर, वाफाळता चहा ओतत म्हणाला, "हा घ्या. हा उकळलेला आहे. साहेब सांगायचे, आमच्याकडे पाणीसुद्धा शिजवतात." आणि हसला. "वाईट अर्थानं नाही हं. नेहमी म्हणायचे, घरी एक बाई आहेत, त्यांनी फार केलं माझं. मला आणि मुलीला एक दिवस आजारी पडू दिलं नाही. मी कधी विचारलं नाही, पण धरून चाललो होतो की साहेबांच्या बहीण असणार. बायको मागे गेल्यावर बहिणीशिवाय एवढं कोण करतं?"

तेवढ्यात सूप आलं. खरंच मूठभर वाटीत. मी चमचा उचलला आणि खाली ठेवला आणि परत उचलला. अडतीस वर्षांनी बाहेरचा पहिला घास मी गिळला तो त्या एका वाक्याच्या धक्क्यात. नाहीतर तो उतरला नसता. आंबट, तिखट, वर मिऱ्याचा जाळ. पीठ जास्त होतं. बायको मागे गेल्यावर. मी दुसरा चमचा घेतला. मग कामावरच्या आवाजात, वायर होऊन, विचारलं, "काय सांगायचे तिच्याबद्दल?"

माणसाला ऐकणारा मिळाला की तो किती बोलतो, ते एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. दोन टेबलं सांभाळत, येत जात, मासा वाढत, कॅप्टन बोलत होता. साहेबांच्या मिसेस कशा टेलिफोनमध्ये होत्या. कशा सगळ्या साहेबलोकांच्या नकला करायच्या. एकदा एका मंत्र्याच्या बायकोचा आणि एका कोळशाच्या वखारवाल्याचा कॉल मुद्दाम जोडून दिला आणि दोघं पाच मिनिटं कशी प्रेमाने बोलत राहिली. गल्लीतल्या चायनीजमध्ये काड्यांनी खाताना कशा साहेबांना भरवायच्या, आणि साहेब लाजायचे. पावसात छत्री असून उघडायच्या नाहीत. पगाराच्या दिवशी घरी यायच्या त्या जिना चढत नसत, पळत असत. "आम्ही स्टाफची माणसं, गिऱ्हाइकाचं ऐकायची सवयच असते," तो म्हणाला, "पण साहेब सुरू झाले की मी दुसऱ्याला टेबल देत नसे. दर वेळी काहीतरी नवीन असायचं. एवढी वर्षं, पण एक गोष्ट दोनदा नाही." घरी हे बोलत नसत. म्हणजे बोलायचे, पंखा बंद कर, बिल भरलं, उद्या कोण येणार आहे. मला वाटायचं स्वभाव आहे. लिफ्टचे आवाज ऐकून ऐकून माणूस गप्प होत असेल.

"कशाने गेली?" मी विचारलं.

"टायफॉइडनं." तो आवाज उतरवून म्हणाला. "तुम्हाला माहीतच असणार. चाळीस-एक दिवस हॉस्पिटलात होत्या म्हणे. शेवटी शेवटी ओळखत नव्हत्या कुणाला. साहेब हात धरून बसले होते तर त्या तापात, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, 'तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत?' साहेबांना काही सुचलं नाही. ते गप्प राहिले. तर त्या म्हणाल्या, 'तोडते मग.' आणि संपलं." कॅप्टनने टेबलावरचा नसलेला कण नॅपकिनने टिपला. "साहेब म्हणायचे, मी हो म्हणायला हवं होतं. वाढवा म्हणायला हवं होतं."

मला हे माहीत नव्हतं. मी ते बोलले असेन. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा आणि वेळ झाली की मध्ये शिरून आम्ही तेच विचारायचो, दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा. मी ते बोलले, आणि हे चाळीस वर्षं मला बोलले नाहीत. माझ्यासमोर मासा होता. वाफवलेला, आल्याच्या काड्या, कांद्याची पात, वर कडकडीत तेल ओतलेलं. चांगला होता. खोटं कशाला बोलू, फार चांगला होता, काटा सहज सुटत होता, आणि मी तो खात होते, आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, मेलेल्या बाईला मासा आणि जिवंत बाईला डबा धुवायला. वीस मिनिटं घड्याळ लावून पाणी उकळलं मी. कुणासाठी? स्वतःच्या हाताने मला मारून टाकलं आणि वर घरी एक बाई आहेत. आता हा कॅप्टन आला की सांगायचं. मीच ती. काढा ती वही, लिहा, साहेबांची बायको जिवंत आहे, मासा खाते आहे. शब्द अगदी जिभेवर आले होते. तो पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी भात वाढत होता, आणि मी वाट बघत होते, आणि वाट बघता बघता मला काही दुसरंच दिसायला लागलं.

हॉस्पिटलातून घरी आले तो दिवस. डोक्यावर केस नव्हते. ह्यांनी कुलूप काढलं आणि मी दारात उभी राहिले, कुणीतरी "या" म्हणेल अशी. मुलगी ह्यांच्या पायांमागे लपली. माझे कपडे कपाटात होते तसेच होते, पण ते कुणाचे तरी जपून ठेवल्यासारखे वाटत होते, आणि ते घालताना मला चोरी केल्यासारखं झालं. मला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल. सगळे म्हणत होते, जाईल. कामावर परत गेले तेव्हा मैत्रिणी नकला कर म्हणाल्या आणि मला कुणाचाच आवाज येईना, फक्त कामावरचा तो सपाट आवाज तेवढा राहिला होता. आणि दोन महिन्यांनी पगाराच्या दिवशी हे संध्याकाळी जिन्यावरून पळत आले. पळत, हे मला आता आठवलं. हातात कागदाची पिशवी, तिला तेलाचे डाग, वाफ येत होती. गल्लीतल्या नूडल्स. काड्यांचे तीन जोड. चेहऱ्यावर काय हसू होतं. मी ती पिशवी घेतली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली, झाकण लावलं, आणि ह्यांचा हात धरून बेसिनपाशी नेलं. साबण लावला. नखांत लावला. मनगटापर्यंत घासलं. मुलगी बघत होती. हे लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले, आणि मी घासत होते, लाल होईपर्यंत घासत होते, आणि हे माझ्याकडे बघत होते. हातांकडे नाही, माझ्या तोंडाकडे. तिथे कुणाला तरी शोधावं तसं. त्यानंतर ह्यांनी घरी कधी काही आणलं नाही. कॅप्टनला सांगितलेली तिच्या जाण्याची तारीख दोन महिन्यांनी चुकली असेल. बाकी त्यात खोटं काय होतं?

मुलीने विचारलं असतं, आई, वसूल झालं का, तर मी काय सांगितलं असतं? पैसे मोजले जायचे ते पीठ घातलेल्या सूपासाठी नाही, माशासाठीही नाही. पगाराच्या संध्याकाळी तो जिना पळत चढून आलेला माणूस दुसऱ्या कुठल्या दाराशी जाणार होता? घरी तिच्याबद्दल एक शब्द काढता येत नव्हता, कारण घरी मी होते. इथे चौदा मजले वर, जिथे कुणी घाई करत नाही आणि कुणी तुम्हाला ओळखत नाही, तिथे महिन्यातून तीन तास तिला बसवता येत होतं. त्यासाठी माणूस कितीही मोजेल. मी माझ्या बशीतला काटा बाजूला काढला. राग गेला नव्हता, पण आता कुणावर करायचा ते कळेनासं झालं होतं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट हळूहळू कळत होती. तिला पाहिलेली माणसं मी मनात शोधत होते. माझी आई, भाऊ, एक्स्चेंजमधल्या दोघी, गल्लीतला मालक, सगळे गेलेले. मुलीला फक्त लोंबणाऱ्या नूडल्स आठवतात. चार महिन्यांपूर्वी तिला ओळखणारा शेवटचा माणूस गेला, आणि मी त्या दिवशी फक्त ह्यांच्यासाठी रडले.

जेवणाची वेळ संपत आली होती. टेबलं रिकामी होत होती, कुठे कुठे टेबलांवरच्या चादरी बदलत होते. कॅप्टन येऊन उभा राहिला. मी अर्धा मासा ठेवला होता. "नाही आवडला?" त्याने विचारलं.

"आवडला," मी म्हटलं. "सवय नाही."

त्याने प्लेट उचलली नाही. "बाई, एक विचारू? तुम्ही त्यांना बघितलं होतंत ना? साहेबांच्या मिसेसना?"

जिभेवरचं वाक्य तिथेच होतं. दोन शब्दांचं. मी त्याच्याकडे बघितलं. सोळा वर्षं त्याने तिच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि माझं जेवण जेवला होता. दोघींना ओळखणारा आता जगात हा एवढाच माणूस उरला होता, आणि मी एक शब्द बोलले असते तर त्यातली एक नाहीशी झाली असती.

"हो," मी म्हटलं. "शेवटी तिच्याजवळ मीच होते."

"मग सांगा ना." त्याचा चेहरा एकदम तरुण झाला. "साहेब म्हणायचे, त्या हसायला लागल्या की आख्खं हॉटेल वळून बघायचं. खरंच? कशा हसायच्या हो?"

मी कप खाली ठेवला आणि आठवायला लागले. एकेचाळीस दिवसांच्या पलीकडे गेले. टेबल दिसलं. तेलकट भिंत, तीन प्लेटा. ह्यांच्या शर्टावर नूडल पडलेली होती आणि हे हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मान मागे टाकून, आणि ते हसणं मला स्वच्छ ऐकू आलं, सगळंच्या सगळं. पण ज्या हसण्याला हे साथ देत होते, ते तिचं हसणं समोरून यायला हवं होतं. मी कान लावला. चाळीस वर्षांपूर्वीच्या लाईनवर लावायची तसा लावला. तिकडून काही येत नव्हतं. खरखरसुद्धा नाही.

"आठवत नाही," मी म्हटलं. "ते काय सांगायचे?"

"सांगायचे काय, करून दाखवायचे!" कॅप्टनने मागे वळून बघितलं. मग समोरची खुर्ची ओढली आणि कोट सावरत, कुणी बघितलं तर पटकन उठता येईल असा कडेला बसला. "मला साहेबांसारखं येत नाही हं." त्याने घसा साफ केला. आधी एक बारीक उचकी लागल्यासारखी, मग श्वास आत ओढून दुसरी, तिसरी, आणि मग ते सगळं एकदम फुटून, चढत चढत, टक्कल पडलेल्या म्हाताऱ्या पुरुषाच्या गळ्यातून. पलीकडची चादर बदलणारी मुलगी वळून बघायला लागली. तो लाजून थांबला. "असं," म्हणाला.

मी नीट ऐकलं होतं. मला त्यातलं काहीच ओळखीचं वाटलं नाही.

"पुन्हा एकदा करा," मी म्हटलं.